पीजेसिपमध्ये व्हिडिओ: एरर आली नाही म्हणून खूश होऊ नका

पीजेसिप (इंटरनेटवरून कॉल करणारी ॲप्स बनवायची लायब्ररी) पहिल्यांदा व्हिडिओसकट बिल्ड केलं, म्हणजे सोर्स कोडपासून बांधलं, तेव्हा एकही एरर आली नाही. कॉल लावला, आवाज खणखणीत, चित्राचा मात्र पत्ता नाही. दोन दिवस मी राउटरला आणि समोरच्याच्या फोनला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की व्हिडिओ माझ्या बिल्डमध्ये शिरलाच नव्हता. मशीनवर काय काय आहे ते बिल्डआधी तपासणारी या लायब्ररीची कॉन्फिगर स्क्रिप्ट फार भिडस्त आहे. एखादी गोष्ट सापडली नाही तर ती अडून बसत नाही, एका ओळीत ‘नो’ पुटपुटते आणि पुढे निघते.

लिनक्सवर व्हिडिओला चार कामगार लागतात. कॅमेऱ्यातून फ्रेम उचलायला व्हिडिओ फॉर लिनक्स २ (व्ही४एल२), रंगांचा फॉरमॅट बदलायला लिबवाययूव्ही, चित्र दाबायला आणि उलगडायला कोडेक, आणि पडद्यावर दाखवायला एसडीएल २. यातली लिबवाययूव्ही पीजेसिपच्या सोर्ससोबतच येते, तिची काळजी नको. एसडीएल आणि व्हिडिओ फॉर लिनक्स पॅकेज मॅनेजरमधून घ्या, पण नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली पॅकेजेस घ्या. नुसती चालवायची लायब्ररी असेल तर कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइल्स नसतात, आणि माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. एसडीएल मशीनवर होती, गेमसुद्धा चालत होते, म्हणून माझा संशयच तिकडे गेला नाही.

कोडेकसाठी सुरुवातीला एफएफएमपेग या मोठ्या ऑडिओ-व्हिडिओ लायब्ररीच्या वाटेला जाऊ नका, असं माझं मत. त्यात एच.२६४ (व्हिडिओ दाबायचा एक फॉरमॅट) एन्कोड करायचं तर बहुतेक वेळा एक्स२६४ ही लायब्ररी लागते, ती जीपीएल या लायसन्सखाली आहे, म्हणजे एफएफएमपेगही जीपीएल चालू करून बांधावं लागतं. शिवाय त्याचे फंक्शन आवृत्तीगणिक बदलतात. ५.० मध्ये जुने डिकोड फंक्शन काढून टाकले, तेव्हा जुनं पीजेसिप आणि नवं एफएफएमपेग एकत्र कंपाइल होत नाहीत. त्यापेक्षा सिस्कोची ओपनएच२६४ बरी. इंटेल-एएमडी मशीनवर आधी नॅझम असेम्बलर टाका, मग ओपनएच२६४च्या सोर्स फोल्डरमध्ये मेक आणि मेक इन्स्टॉल या कमांड चालवा. प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, म्हणून स्वतःचं एक वेगळं फोल्डर द्या, म्हणजे सिस्टिममधल्या आवृत्तीशी सरमिसळ होत नाही.

आता पीजेसिप. सोर्सच्या पीजेलिब फोल्डरमध्ये, इन्क्लूडमधल्या पीजे फोल्डरात, कॉन्फिग_साइट.एच नावाची फाइल असावी लागते. ती आयती मिळत नाही, आपणच बनवायची. तिच्यात पीजेमीडिया_हॅज_व्हिडिओ हा मॅक्रो (कोडमधली सेटिंग) १ करा. लक्षात घ्या, ही दोन वेगळी बटणं आहेत: मॅक्रो लावला पण लायब्ररी सापडली नाही, किंवा लायब्ररी सापडली पण मॅक्रो विसरला, दोन्हीकडे चित्र गायब.

मग कॉन्फिगर चालवताना ‘विथ-ओपनएच२६४’ या पर्यायाला तुमच्या प्रीफिक्सचा पत्ता द्या आणि सगळं आउटपुट एका फाइलमध्ये पकडा. आता चहा प्यायला उठू नका. त्या फाइलमध्ये एसडीएल, व्ही४एल२ आणि ओपनएच२६४ ही नावं एकेक करून शोधा. कुठे ‘नो’ दिसलं तर कॉन्फिग.लॉग उघडा. स्क्रिप्टने तपासणीसाठी लिहिलेला चिमुकला सी प्रोग्रॅम आणि कंपाइलरची खरी तक्रार तिथे जशीच्या तशी असते. मला तिथे ‘एसडीएल.एच सापडत नाही’ एवढंच वाक्य भेटलं. दोन दिवसांचं उत्तर एका ओळीत.

तिन्ही सापडल्याचं दिसलं की मेक डेप, मग मेक. ‘पिक लावून पुन्हा कंपाइल करा’ अशी लिंकरची तक्रार आली, तर एखादी स्टॅटिक लायब्ररी शेअर्ड लायब्ररीत घुसतेय असं समजा. ती एफपिक फ्लॅग देऊन परत बांधा. कॉन्फिग_साइट.एच मध्ये नंतर अक्षरही बदललंत तर सगळं साफ करून नव्याने बिल्ड करा, आणि तुमचं स्वतःचं ॲपही त्याच फाइलवर कंपाइल करा. नाहीतर स्ट्रक्चरचे आकार जुळत नाहीत आणि ॲप अगदी असंबद्ध जागी कोसळतं.

तपासायला कॅमेऱ्याची गरज नाही. पीजेसिप-ॲप्सच्या बिन फोल्डरमधला पीजेसुआ हा नमुना प्रोग्रॅम ‘व्हिडिओ’ पर्यायासह सुरू करा आणि ‘विड डेव्ह लिस्ट’ टाइप करा. यादीत एसडीएलचा रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) आणि ‘कलरबार जनरेटर’ दिसला पाहिजे. हा कलरबार म्हणजे खोटा कॅमेरा, रंगीत पट्ट्या दाखवतो. आधी त्याचा प्रीव्ह्यू बघा, मग त्याच्यावरच कॉल लावा, आणि खरा कॅमेरा सगळ्यात शेवटी. उत्तरादाखल आलेल्या एसडीपीत (कॉलमध्ये कुठले मीडिया आणि कोडेक वापरायचे याचं वर्णन) व्हिडिओच्या ओळीत पोर्ट ० दिसला, तर समोरच्याने व्हिडिओ नाकारलाय. तिथे कोडेक जुळतात का ते बघा, बिल्डला हात लावू नका.

एक गंमत अजून. व्हिडिओ आला की एसडीपी लांबते आणि इन्व्हाइट, म्हणजे कॉलचं निमंत्रण देणारा संदेश, १३०० बाइटच्या वर गेला की पीजेसिप तो यूडीपी सोडून टीसीपी या दुसऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलने पाठवायला बघतं. टीसीपी गुपचूप गिळणारी फायरवॉल मध्ये असेल, तर कालपर्यंत पटकन लागणारा कॉल रेंगाळतो. मी नको असलेले ऑडिओ कोडेक बंद केले, निमंत्रण मर्यादेत आलं आणि कॉल पूर्वीसारखा लागायला लागला.