बोटीचा ट्रेलर ओढायला गाडी कुठली घ्यायची?

आधी ट्रेलरचं खरं वजन काढा, म्हणजे बोट, इंजिन, भरलेली पेट्रोलची टाकी, नांगर, दोर सगळं चढवून वजनकाट्यावर न्या, अंदाजाने काही ठरवू नका. मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचा आकडा, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते ते बघा, तो ब्रेक असलेल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगवेगळा असतो आणि बरेच जण नेमका मोठा आकडा वाचून खूश होतात!

दुसरं म्हणजे हुकवर येणारा भार. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरा, म्हणजे २००० किलोच्या ट्रेलरला २०० ते ३०० किलो, आणि हा भार गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन वाहू शकते त्यातून जातो, त्यामुळे मागे माणसं आणि सामान तेवढं कमीच घ्यायचं. भार खूप कमी पडला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो.

जड ट्रेलरला माझं मत सरळ आहे, लॅडर फ्रेमवाली (शिडीसारख्या मजबूत सांगाड्यावर बसवलेली) डिझेलच घ्या, हायलक्स, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर अशी, आणि फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) लो रेंजसकट, म्हणजे हळू पण जास्त ताकद देणाऱ्या गिअरसकट, कारण शेवाळलेल्या रॅम्पवरून बोट वर ओढताना मागची चाकं जागेवरच फिरतात. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरायचा असेल तर खालचा गिअर टाका, नुसत्या ब्रेकवर उतरू नका, ते तापून निकामी होतात.