कुत्र्याला गोचीड-पिसवांचे औषध लावल्यावर घरातल्या माणसांनी घ्यावयाची काळजी

गोचीड आणि पिसवा मारणारे औषध कुत्र्याच्या अंगावर दीर्घकाळ टिकावे अशाच रीतीने बनवलेले असते, त्यामुळे त्याला कुरवाळणाऱ्या हातांवर ते थोडेफार येणारच. मानेवर टाकायच्या थेंबांतील फिप्रोनिल त्वचेवरील तेलकट थरातून अंगभर पसरते, तैलग्रंथींत साठते आणि तेथून कित्येक आठवडे केसांवर येत राहते. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले, की थेंब टाकल्यानंतर २८ दिवसांनीही मालकांनी हात धुतलेल्या पाण्यात हे औषध उतरत होते. तरीही औषध बंद करणे हा उपाय नव्हे, कारण एर्लिकिया आणि बबेशिया यांसारखे कुत्र्याच्या जिवावर बेतणारे आजार गोचिडींमार्फतच पसरतात.

औषधाची निवड घरातील माणसे पाहून करावी. रांगते मूल, कुत्र्याला बिलगून झोपणारी मुले किंवा गरोदर स्त्री घरात असेल, तर पशुवैद्यांना पोटातून द्यायच्या गोळीविषयी आधी विचारावे. फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर किंवा सॅरोलानेर असलेली गोळी रक्तातून काम करते, त्यामुळे केसांवर औषधाचा थर बसत नाही आणि माझ्या मते अशा घरांसाठी हाच मार्ग सर्वांत सोयीचा आहे. मात्र कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते पशुवैद्यांना न विसरता सांगावे, कारण या गटातील औषधांमुळे झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिलेला आहे.

थेंबच वापरायचे असल्यास ते रात्री, मुले झोपल्यावर, हातमोजे घालून, केस बाजूला सारून थेट त्वचेवर टाकावेत. जागा पूर्ण वाळेपर्यंत तिला कोणीही हात लावू नये आणि त्या रात्री कुत्र्याला अंथरुणात किंवा सोफ्यावर घेऊ नये. पुढचे काही दिवस, विशेषतः जेवणापूर्वी, साबणाने हात धुण्याची सवय सर्वांनाच लावावी. औषधी पट्टा गळ्यात असेल तर तो मुलांच्या हाती किंवा तोंडात जाणार नाही, हे पाहावे.

आपल्याकडे सर्वाधिक निष्काळजीपणा होतो तो पाण्यात मिसळून अंगावर चोळायच्या औषधांच्या बाबतीत. अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिनची बाटली आणायची, आंघोळीच्याच बादलीत अंदाजाने ओतायची आणि बंद न्हाणीघरात उघड्या हातांनी कुत्र्याला चोळायचे, ही पद्धत घरोघरी दिसते. गुरांसाठीचे औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावणे तर मुळीच करू नये. प्रमाण लेबलावरून किंवा पशुवैद्यांकडून घ्यावे, मोजमापासाठी वेगळे भांडे आणि वेगळी बादली ठेवावी, रबरी हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि हे काम गच्चीवर किंवा अंगणात करावे. अमिट्राझमुळे माणसाला गुंगी येऊ शकते, नाडी मंदावू शकते, रक्तातील साखर वाढू शकते. म्हणून मधुमेही व्यक्तीने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. उरलेले द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा माशांच्या तळ्यात ओतू नये.

घरात मांजर असल्यास परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध टाळावे, कारण कुत्र्याला चालणारी मात्रा मांजराचा जीव घेऊ शकते.

औषध त्वचेवर सांडल्यास साबणाने, डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. डेल्टामेथ्रिनसारख्या औषधाने त्वचेवर मुंग्या येणे व चुरचुरणे बहुधा दिवसभरात ओसरते. पोटात गेले असल्यास मात्र मीठपाणी पाजून उलटी करवू नये, कारण अशा औषधांत झायलीनसारखा द्रावक असू शकतो आणि तो फुप्फुसात गेल्यास धोका वाढतो. गुंगी, चक्कर, झटके किंवा श्वासाचा त्रास दिसताच रुग्णाला रुग्णालयात न्यावे आणि बाटली लेबलासकट सोबत घ्यावी.