पीएमआर (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन) रेसिडेन्सी: मणक्याच्या पेशंटमध्ये या चुका टाळा

विहिरीत पडून, झाडावरून कोसळून किंवा बैलबंडी उलटून मणका मोडलेले पेशंट विदर्भातल्या वॉर्डांत नेहमीचेच. धानोरा किंवा धारणीकडचा माणूस एकदा घरी गेला की फॉलोअपला कधी येईल सांगता येत नाही. वॉर्डात सुटलेली गोष्ट मग तशीच राहते.

अर्धवट तपासणी. पाय हलत नाहीत, चिमटा कळत नाही, म्हणून 'एआयएस ए' (एआयएस ही मज्जारज्जूच्या इजेची श्रेणी, 'ए' म्हणजे पूर्ण इजा) लिहून मोकळं व्हायचं, ही फर्स्ट इयरची ठरलेली चूक. गुदद्वाराची तपासणी संकोचापोटी किंवा राउंडच्या घाईत राहते. एस 4-5 ला, म्हणजे गुदद्वाराभोवती, स्पर्श किंवा टोचणी कळली, आत बोटाचा दाब जाणवला, तर ग्रेड किमान 'बी', म्हणजे अपूर्ण इजा, होते आणि नातेवाइकांना सांगायचं सगळंच बदलतं. पेशंट उताणा ठेवा. दोन्ही बाजूंचे संवेदनेचे 28-28 बिंदू आणि 10-10 स्नायू पूर्ण तपासा. टोचायला सेफ्टी पिन घ्या. सिरिंजची सुई कातडीत घुसते. पहिल्या दिवशीच्या चार्टवर भाकीत करू नका, 72 तासांनी पुन्हा तपासा.

लघवीचं वेळापत्रक. 'दर 6 तासांनी कॅथेटर' एवढंच कार्डावर लिहिणं पुरेसं नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी धरून 4 ते 6 तासांचं अंतर बसवलेलं असतं आणि एका वेळी 500 मिलीच्या वर लघवी निघायला नको. मे महिन्यात तोच माणूस तीन-साडेतीन लिटर पाणी पितो. जुन्याच वेळा पाळल्या तर मूत्राशय ताणलं जातं आणि दाब किडनीपर्यंत पोचतो. उलटही घडतं: वारंवार कॅथेटर नको म्हणून तो पाणीच तोडतो, मग खडे आणि इन्फेक्शन. म्हणून डिस्चार्जआधी निदान तीन दिवस मोजपात्र वापरून किती प्यायला, किती निघाली याची नोंद त्याच्याच हातून करून घ्या आणि 'आकडा 500 च्या वर गेला की अंतर कमी करायचं' हा नियम त्याच्याकडून वदवून घ्या. बाईमाणसाला आरसा धरून शिकवावं लागतं. घरी आडोसा कुठे आहे, हेही तेव्हाच विचारा.

लघवी गढूळ दिसली की लगेच अँटिबायोटिक, हा मोह आवरा. नियमित कॅथेटर घालणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, वाढलेला ताठरपणा, नव्याने गळणं अशी लक्षणं असतील तर कल्चर पाठवून उपचार करा.

डोकेदुखीत पेशंटला आडवं करणं. इजा टी 6 (छातीच्या सहाव्या मणक्याची पातळी) किंवा त्याच्या वरची, डोकं ठणकतंय, तोंडावर घाम आणि बीपी 150. याचा नेहमीचा वरचा आकडा 95 असतो, तेव्हा हे 150 साधे नाहीत. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इजेखालच्या कुठल्यातरी त्रासाने बीपी एकदम चढणं. आधी उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा. मग कॅथेटरची नळी हाताने शेवटपर्यंत तपासा. बरेचदा ती मांडीखाली दबलेली असते. नळी मोकळी असेल तर गुदाशयात शौचाचा खडा झालाय का ते पाहा, पण लिग्नोकेन जेली लावून काही मिनिटं थांबून मगच, नाहीतर बीपी आणखी चढतं. दर काही मिनिटांनी बीपी मोजा. कारण सापडत नसेल आणि बीपी उतरत नसेल, तर सिनिअरला बोलवून झटपट काम करणारं औषध द्या. रोजच्या गोळीने हे भागत नाही.

बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारी गोळी). 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून हळूहळू वाढवा. पण आधी पेशंट उभा कसा राहतो ते बघा. काही जण गुडघ्याच्या ताठरपणावरच उभे राहतात. तो मोडला की माणूस खाली बसतो. गोळी अचानक बंद झाली तर झटके, भ्रम, तापही येऊ शकतो. जवळच्या केंद्रात ती मिळते का हे न विचारता आठ दिवसांची चिठ्ठी देणं धोक्याचं.

उन्हाळ्यातला ताप. मानेच्या इजेत इजेखालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे पत्र्याच्या घरात दुपारी अंग तापतंच. आधी ओला कपडा, पंखा आणि पाणी. थंडावल्यावर ताप पुन्हा मोजा. तेवढ्यात लघवी, दाबाने आलेले फोड, छाती आणि पायाची सूज तपासून घ्या. फोड बघताना पेशंटला पूर्ण कुशीवर वळवा. नेवारीच्या बाजेवर माकडहाडाची जागा सगळ्यात आधी जाते.