फूटी सीझनचं भाकीत करताय? आधी २०७ ची बेरीज जुळवा आणि या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की मेलबर्नच्या ऑफिसांत टिपिंगचे, म्हणजे निकाल ओळखण्याच्या स्पर्धेचे, तक्ते फिरू लागतात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे इथल्या भाषेत नुसतं ‘फूटी’. अठरा संघ, आणि प्रत्येकापुढे आपला अंदाज लिहायचा: किती सामने जिंकणार, कितवा येणार, फ्लॅग, म्हणजे विजेतेपद, कोण नेणार. नव्याने आलेली आपली मराठी मंडळीही हौसेने नाव घालतात, कारण सोमवारी सकाळी सहकाऱ्यांशी बोलायला हाच विषय असतो. मित्रांचे असे बरेच तक्ते मी तपासून दिले आहेत. पहिली चूक जवळजवळ सगळ्यांत एकच सापडते: विजयांची बेरीज जुळत नाही.

हिशेब सोपा आहे. संघ १८, प्रत्येकाचे सामने २३. गुणाकार करून निम्मे केले की २०७ सामने होतात. म्हणजे अठराही संघांचे विजय मिळून २०७ च भरायला हवेत. बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा धरा. सरासरी संघाच्या वाट्याला साडेअकरा विजय येतात. पण तक्ता भरताना आवडत्या संघाला १६, नवा कोच आलेल्याला १३, ‘यंदा सुधारतील’ म्हणून आणखी चौघांना १२ असं होत जातं आणि कुणालाच ४ लिहायला हात धजत नाही. शेवटी बेरीज सव्वादोनशेच्या पुढे जाते. हे जास्तीचे विजय कुणाकडून तरी काढून घ्यायचे आहेत. कुणाकडून, हे ठरवायला बसलात की खरा विचार सुरू होतो. तोवर तुम्ही फक्त शुभेच्छा लिहीत होतात. तसंच, फ्लॅगच्या शक्यता लिहिल्या असतील तर त्यांची बेरीज १०० टक्के यायला हवी, एका टक्क्यानेही जास्त नाही.

मागच्या वर्षीचा गुणतक्ता उतरवून काढणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जिलाँगने २०२२ ची ग्रँड फायनल सिडनीविरुद्ध ८१ गुणांनी जिंकली आणि २०२३ मध्ये ते बाराव्या क्रमांकावर घसरले. २०२३ चा फ्लॅग कॉलिंगवूडचा, आणि पुढच्याच वर्षी तेही फायनल्सला, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांना, जाणाऱ्या पहिल्या आठात नव्हते. उलट दिशेनेही हेच होतं. रिचमंड २०१६ मध्ये तेरावे होते, २०१७ मध्ये विजेते झाले. अ‍ॅडलेड २०२४ मध्ये पंधरावे, २०२५ मध्ये होम अँड अवे फेऱ्या (फायनल्सआधीचे साखळी सामने) संपताना थेट अव्वल.

याला कारणं आहेत आणि ती बघता येतात. पगाराला कमाल मर्यादा आहे, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडताना) तळाच्या संघाला आधी निवड मिळते, सामने मोजके आहेत. या तिन्हींमुळे वरचे खाली आणि खालचे वर ओढले जातात. म्हणून अंदाज लिहिताना मागच्या वर्षीचे विजय घ्या आणि ते साडेअकराच्या दिशेने थोडे सरकवा. अठरा जिंकणाऱ्याला पंधरा, पाच जिंकणाऱ्याला सात-साडेसात. मगच स्वतःची मतं त्यात घाला.

विजय मोजणं, पण टक्केवारी न बघणं

फूटीच्या गुणतक्त्यात शेवटी एक टक्केवारीचा रकाना असतो. केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले शंभर. नवखा माणूस तो सोडून देतो, आणि माझ्या मते पूर्ण तक्त्यात सगळ्यात बोलका रकाना तोच आहे. विजयाला ४ गुण मिळतात, मग तो एका गुणाने असो की नव्वदने. टक्केवारी मात्र तो फरक विसरत नाही.

२०२४ चं अ‍ॅडलेड बघा. जेमतेम आठ विजय, पंधरावा क्रमांक, पण टक्केवारी शंभराच्या अगदी जवळ. म्हणजे जितके गुण दिले जवळपास तितकेच केले, फक्त चुरशीचे सामने हातचे गेले. हा संघ पंधराव्या क्रमांकाच्या लायकीचा नव्हताच.

पण हा नियम दगडावरची रेघ नाही. २०२२ मध्ये कॉलिंगवूडने १६ सामने जिंकले, त्यातले कितीतरी अगदी थोड्या फरकाने, आणि टक्केवारी १०४ च्या आसपास. ‘यांचं नशीब आता संपणार’ असं गणित मांडणाऱ्यांना वाटलं होतं. २०२३ मध्ये तोच संघ अव्वल राहिला आणि फायनल्समधले तिन्ही सामने सात, एक आणि चार गुणांनी जिंकून फ्लॅग घेऊन गेला. चुरशीच्या सामन्यांत नशीब मोठं असतं, पण सगळं नशीबच असतं असं नाही.

आणखी एक पायरी खोलात जा. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला की गोल, सहा गुण. उंच खांब आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला की बिहाइंड, एक गुण. २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नचे १८ गोल, ७ बिहाइंड, एकूण ११५. जिलाँगचे ११ गोल, २३ बिहाइंड, एकूण ८९. आता संधी मोजा: हॉथॉर्नच्या २५, जिलाँगच्या ३४! फ्लॅग हॉथॉर्नचा, पण चेंडू पुढे नेण्याचं काम जिलाँगने जास्त वेळा केलं होतं. ज्यांनी फक्त निकाल पाहिला त्यांनी पुढच्या वर्षीसाठी हॉथॉर्नला पसंती दिली. २००९ मध्ये हॉथॉर्न नववे आले, फ्लॅग जिलाँगने नेला. नेम कमी-जास्त होत राहतो, संधी निर्माण करायची ताकद मात्र बरीचशी टिकते. म्हणून गोल आणि बिहाइंडची बेरीज वेगळी लिहून ठेवा.

वेळापत्रक न उघडता भाकीत

प्रतिस्पर्धी १७, सामने २३. उरलेले सहा सामने सहा संघांशी दुसऱ्यांदा होतात, आणि ते सहा कोणते यावर वर्ष फिरू शकतं. स्पर्धा चालवणारी एएफएल मागच्या वर्षीच्या क्रमवारीचे पहिले सहा, मधले सहा, शेवटचे सहा असे गट करून दुहेरी सामने वाटते. वरच्यांना वरचे जास्त, खालच्यांना खालचे जास्त. तळाचा संघ एकदम सुधारल्यासारखा दिसतो त्यात याचाही वाटा असतो. माझी पद्धत अशी: प्रत्येक संघापुढे त्याचे सहा दुहेरी प्रतिस्पर्धी लिहायचे आणि त्या सहांना मी स्वतः किती विजय दिलेत त्याची सरासरी काढायची. तासाभराचं काम आहे, पण यातून जेवढं कळतं तेवढं आठवडाभर टीव्हीवरच्या चर्चा ऐकून कळत नाही.

त्याच बैठकीत मैदानंही बघा. वेळापत्रकात ‘होम’ लिहिलंय म्हणून प्रत्येक सामना घरचा नसतो. रिचमंड आणि कॉलिंगवूड दोघंही एमसीजीवरच खेळतात. आपल्याला क्रिकेटमुळे माहीत असलेलं, लाखभर प्रेक्षकांचं तेच मैदान. तिथे दोघंही घरचेच. पण पर्थला वेस्ट कोस्ट किंवा फ्रीमँटलशी खेळायला मेलबर्नचा संघ जातो तेव्हा अडीच हजार किलोमीटरहून जास्त विमानप्रवास करून, परक्या प्रेक्षकांसमोर उतरतो. अ‍ॅडलेड, ब्रिस्बेन आणि जिलाँगचं कार्डिनिया पार्क यांचंही तसंच. हा फायदा खरा आहे. मेलबर्नच्या दोन संघांमधला ‘होम’ हा शब्द बहुतेक वेळा कागदापुरता.

मोठं नाव आलं, आता संघ वर जाणार

लान्स फ्रँकलिन २०१४ साठी हॉथॉर्न सोडून सिडनीला गेला तेव्हा अनेकांनी हॉथॉर्नला खाली ढकललं. त्या वर्षीची ग्रँड फायनल याच दोन संघांत झाली, हॉथॉर्नने ती ६३ गुणांनी जिंकली आणि २०१५ ची सुद्धा. मैदानात अठरा जण असतात, एक माणूस किती भार उचलणार? आता २०२६ साठी चार्ली कर्नो सिडनीकडे आणि ख्रिश्चन पेट्राका गोल्ड कोस्टकडे गेले आहेत. त्यांच्या नावावर पाच-पाच विजय वाढवण्याआधी चेंडू त्यांच्यापर्यंत कोण पोचवणार ते बघा.

सराव सामन्यांचे निकाल विसरून जा. कोण खेळलं, कुठल्या जागी खेळलं आणि कोण दुखापतीमुळे बाहेर बसलं, एवढंच टिपा.

अव्वल म्हणजे विजेता असं धरणं

२०२५ मध्ये अ‍ॅडलेडने २३ पैकी १८ सामने जिंकले आणि फायनल्समधले दोन्ही सामने हरून घरी गेले. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज सातवे होते, फ्लॅग त्यांचा, तोही ६२ वर्षांनी. २०२४ मध्ये ब्रिस्बेन पाचवे होते, फ्लॅग त्यांचा. तक्त्यात ‘कितवा येणार’ आणि ‘कोण जिंकणार’ हे दोन वेगळे रकाने ठेवा आणि वेगळे भरा.

जुना तक्ता वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. २०२६ पासून फायनल्सच्या आधी वाइल्डकार्ड फेरी आहे: सातवा विरुद्ध दहावा, आठवा विरुद्ध नववा. म्हणजे सप्टेंबरचं दार आता दहा संघांना उघडं. ‘पहिल्या दहात येण्याची शक्यता’ असा रकाना केलात तर त्याची बेरीज १००० टक्के हवी, पूर्वीसारखी ८०० नाही. आणि सातव्या-आठव्याला फ्लॅगसाठी एक सामना जास्त खेळावा लागणार, ते त्यांच्या शक्यतेतून वजा करा.

‘नक्की’ हा शब्द

मोनाश विद्यापीठ १९९५ पासून एक टिपिंग स्पर्धा चालवतं. तिच्यात नुसतं नाव सांगून भागत नाही, तुमची खात्री किती टक्के ते लिहावं लागतं. ५० टक्के लिहिलंत तर निकाल काहीही लागो, शून्य. ७० टक्के लिहून बरोबर आलात तर सुमारे ०.४९ मिळतात, चुकलात तर ०.७४ जातात. ९० टक्क्यांवर बरोबर आलात तर ०.८५, आणि चुकलात तर तब्बल २.३२ वजा. शंभर टक्के लिहून चुकलात तर उणे अनंत, तो हिशेब कधीच भरून निघत नाही. भाकीत शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. ऑफिसच्या टिपिंगमध्येही नावापुढे टक्के लिहून बघा. दहा फेऱ्यांनी तुमच्या ‘७०’ वाल्या सामन्यांपैकी खरोखर किती बरोबर आले ते मोजा. पन्नासच टक्के आले असतील तर संघांबद्दलची माहिती कमी पडत नाही, खात्री जास्त होते आहे.

पैसे लावताना होणाऱ्या चुका

इथे मी हातचं राखून लिहिणार नाही, कारण यात ओळखीच्या मुलांचे फीचे पैसे गेलेले पाहिले आहेत.

सारख्या ताकदीच्या दोन संघांवर बुकी १.९० आणि १.९० असा भाव देतो. एक भागिले १.९० म्हणजे ५२.६ टक्के. दोन्ही मिळून १०५ च्या वर. वरचे पाच टक्के त्याचे. शंभरातले ५३ सामने बरोबर सांगितलेत तर तुम्ही जेमतेम जागच्या जागी. आता चार सामने एकत्र बांधून ‘मल्टी’ लावा: १.९० चारदा गुणलं की साधारण १३. खरा भाव १६ असायला हवा होता. बुकीचा वाटा पाचावरून अठरा टक्क्यांच्या पुढे गेला. जाहिरातीत मल्टी सगळ्यात जास्त का दिसतात ते यावरून कळावं. फ्लॅगच्या भावांवर हेच करून बघा, अठराही संघांचे टक्के काढून बेरीज करा. शंभराच्या वर जेवढं जाईल तेवढं तुमचं नाही, आणि तुमची रक्कम मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत अडकलेली.

नियम न वाचता पैज लावणं ही वेगळी चूक. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो मेडलसाठी पंच सामन्यागणिक ३-२-१ मतं देतात, पण त्या हंगामात निलंबन झालेला खेळाडू अपात्र ठरतो. १९९७ मध्ये ख्रिस ग्रँटला सगळ्यात जास्त मतं पडली आणि पदक रॉबर्ट हार्वीला गेलं. सर्वाधिक गोल करणाऱ्याच्या कोलमन मेडलमध्ये फक्त होम अँड अवे फेऱ्यांतले गोल मोजतात, फायनल्समधले नाहीत.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगतो: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच. तिथून फुकटचं टिपिंग करा, मजा तीच आहे. ऑस्ट्रेलियात पैज कायदेशीर आहे, पण वय १८ पूर्ण हवं, आणि जून २०२४ पासून ऑनलाइन पैजेला क्रेडिट कार्ड चालत नाही. हरलेले पैसे शुक्रवारी रात्री परत मिळवायची घाई होऊ लागली असेल तर ‘बेटस्टॉप’वर नाव नोंदवा. ही सरकारी नोंदवही २०२३ पासून आहे, आणि नोंद केली की परवानाधारक ऑनलाइन आणि फोनवरच्या सगळ्या कंपन्यांना तुमचं खातं बंद ठेवावं लागतं. बोलायला माणूस हवा असेल तर १८०० ८५८ ८५८ वर रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो.

सहाव्या फेरीत तक्ता कोसळला तर

बहुतेकांचा कोसळतो. तेव्हा जुना अंदाज खोडू नका, शेजारी नवा रकाना करा आणि तारीख घाला. मग प्रत्येक चुकलेल्या संघापुढे तीन गोष्टी तपासा. टक्केवारी विजयांपेक्षा बरी आहे का? असेल तर हात लावू नका. पहिल्या सहांत घराबाहेरचे सामने किती होते? चार-पाच असतील तर पुढे घरचे येणार आहेत. आणि गोल-बिहाइंड मिळून संधी किती? त्याच कमी पडत असतील, तर मात्र संघाबद्दलचं तुमचं मतच चुकलं होतं. दोन विजय कमी करा, ते दुसऱ्या कुणाला द्या आणि बेरीज पुन्हा २०७ येते का बघा.