गाडीच्या मूळ स्क्रीनला मॉड्यूल जोडताना या चुका टाळा

गाडीची मूळ स्क्रीन तशीच ठेवून तिच्यावर कारप्ले, अँड्रॉइड ऑटो (फोनची ॲप्स गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी) किंवा जादा कॅमेरा आणायचा, तर हेड युनिट (गाडीच्या रेडिओ-नेव्हिगेशनचा मुख्य डबा) आणि स्क्रीन यांच्या मधे इंटरफेस मॉड्यूल बसवतात. काही चाललं नाही की पहिला आळ या खोक्यावर येतो. खरं तर वीज, डेटा आणि चित्र या तिघांपैकी एक त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्यामुळे आधी तिघांपैकी काय अडलंय ते शोधा, परत पाठवायचं नंतर बघू.

घोटाळा मागवतानाच सुरू होतो. मॉडेल आणि साल एवढ्यावर मॉड्यूल निवडू नका. बीएमडब्ल्यूच्या सीआयसी यंत्रणेत स्क्रीनची केबल 4 पिनांची आहे, तिच्या पुढच्या एनबीटीत 6 पिनांची. बदलाच्या काळातल्या गाड्यांत दोन्ही सापडतात. हेड युनिट बाहेर काढून लेबल वाचा, कनेक्टरचा फोटो घ्या, मगच ऑर्डर द्या. वायरलेस कारप्लेचा छोटा डोंगल वेगळाच. तो फक्त वायरच्या कारप्लेला बिनवायरचा करतो. गाडीत मुळात कारप्ले नसेल तर तो निरुपयोगी.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. अनेक गाड्यांत सहप्रवाशाच्या एअरबॅगचा दिवा मधल्या पॅनेलमध्येच असतो. ते पॅनेल सुटं असताना कुणी इग्निशन चालू केलं, की मीटरवर एअरबॅगची खूण पेटते आणि बरेचदा स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

आवाज गेला आणि रेडिओही बंद

मोस्ट नावाची ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने सिग्नल नेणारी, जोडणी असलेल्या गाड्यांत ही चूक हमखास होते. मोस्टची रचना सहसा कड्यासारखी असते. एक दुवा सुटला की सगळी साखळी तुटते. हेड युनिटच्या मोठ्या कनेक्टरमध्ये ऑप्टिकल वायरींचा छोटा प्लग अडकवलेला असतो. नवा हार्नेस (वायरींचा जुडगा) मधे घालताना तो जुन्या कनेक्टरमधून काढून नव्यात बसवावा लागतो. तो मागे राहिला की ॲम्प्लिफायर मुका. वायर जागेवर असूनही आवाज नसेल तर ती कुठे मुरगळलीय का बघा. 25 मिमीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण बसलं की उजेड गळतो. सिस्टीम चालू होताना सुट्या टोकासमोर पांढरा कागद धरा, लाल ठिपका दिसला पाहिजे. टोकाला बोट लावू नका.

मूळ रेडिओ चालतो पण मॉड्यूल जागंच होत नाही, तेव्हा कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या यंत्रणांना जोडणाऱ्या डेटा लाइनच्या, दोन वायरी तपासा. बॅटरी काढलेली असताना दोन्हींमध्ये साधारण 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर कुठेतरी एक टोक तुटलंय, शून्याच्या आसपास आले तर शॉर्ट आहे. जुन्या, कमी वेगाच्या कॅनला मात्र हा हिशेब लागू नाही.

सकाळी गाडी सुरूच होत नाही

मॉड्यूलची एसीसी वायर (चावी फिरवल्यावरच वीज मिळायला हवी ती) कायम वीज असलेल्या तारेवर टाकली, की खोकं कधी झोपतच नाही. ते 200 मिलीॲम्पिअर खात राहिलं तर दिवसाला 4.8 ॲम्पिअर-तास जातात. 60 ॲम्पिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत निम्म्यावर! तपासायचं असेल तर मल्टिमीटरची लाल पिन 10 ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये घाला आणि मीटर निगेटिव्ह केबल व टर्मिनल यांच्या मधे लावा. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने मिटवा, गाडी लॉक करा आणि अर्धा ते एक तास थांबा. आकडा 50 मिलीॲम्पिअरच्या खाली यायला हवा. मीटर लावलेला असताना इग्निशन फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

डिप स्विच (मॉड्यूलवरचे सेटिंगचे छोटे स्विच) हलवले तरी काहीच बदलत नाही, ही तक्रार नेहमीची. बरीच मॉड्यूल हे स्विच फक्त वीज येताना वाचतात. बदल केल्यावर प्लग काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. चित्र कापलेलं, दुहेरी किंवा विचित्र रंगाचं दिसलं तर स्क्रीनचा प्रकार चुकीचा निवडलाय. बाकी सगळं ठीक, पण रिव्हर्स टाकल्यावर काळं दिसतं? मूळ कॅमेरा असताना बाहेरच्या कॅमेऱ्याचा स्विच चालू राहिलाय.

आवाज ऑक्सवरून (बाहेरचा आवाज घेणारा इनपुट) येणार असेल तर गाडीत ऑक्स हाच सोर्स निवडलेला हवा. इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर दोष अर्थिंगचा. मॉड्यूलची अर्थिंगची वायर हेड युनिटच्याच अर्थिंग पॉइंटवर घ्या. वायफायचा अँटेना धातूच्या चौकटीमागे कोंबू नका, कारप्ले तुटत राहील.

चालत्या गाडीत व्हिडिओ दाखवणारी सोय बंदच ठेवा. चालकाला दिसेल असा व्हिडिओ अनेक देशांत बेकायदा आहे, आणि काही मॉड्यूल त्यासाठी सिस्टीमला गाडीचा वेग खोटा सांगतात. मग मूळ नेव्हिगेशनचा बाण भलत्याच ठिकाणी उभा राहतो आणि लोक जीपीएस अँटेना बदलत बसतात.

क्लिपा दाबून डॅशबोर्ड बंद करण्याआधी रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सरचा बीप, स्टिअरिंगवरची बटणं आणि माइक तपासा. मग गाडी लॉक करून अर्ध्या तासाने स्क्रीन खरंच विझलीय का, ते काचेतून बघा.