एनडी घेतला का? छोट्या विमानातून शूटिंगला निघण्याआधी

पहिली वस्तू एनडी फिल्टर, म्हणजे भिंगावर चढवायची, आत येणारा प्रकाश कमी करणारी काळपट काच. कॅमेरा अजून ठरला नसेल तरी आधी एनडी, कारण कॅमेरा त्यावरूनच ठरतो. ज्याला एनडी बसत नाही आणि ज्याचं शटर, म्हणजे एक चित्र टिपायला लागणारा वेळ, हाताने ठरवता येत नाही, तो कॅमेरा सेसनासारख्या छोट्या विमानाच्या पुढच्या काचेशी लावायच्या कामाचा नाही. जाहिरात काहीही म्हणो.

मागच्या खेपेला बाकी सगळं होतं. जादा बॅटऱ्या, कार्डं, काच पुसायचं फडकंसुद्धा. एनडी घरी टेबलावर. बारामतीहून भिगवणच्या अंगाला गेलो, खाली उजनीचं पाणी, कोवळं ऊन, आणि प्रत्येक शॉटच्या मधोमध हवेत तुटके कोयते तरंगताहेत. ते कोयते म्हणजे प्रोपेलरची पाती.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. सेसना १७२ चं इंजिन सरळ उडताना मिनिटाला साधारण २४०० फेरे मारतं आणि प्रोपेलर थेट इंजिनलाच जोडलेला असतो. म्हणजे सेकंदाला ४० फेरे. कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका दमात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो; यालाच रोलिंग शटर म्हणतात. तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून ते वाकतं, तुटतं. शटर १/५०, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, असेल तर तेवढ्या वेळात पातं २८८ अंश फिरून जातं आणि नुसती फिकट चकती दिसते, डोळ्याला दिसते तशी. शटर १/३२०० असेल तर पातं जेमतेम साडेचार अंश हलतं. कडा धारदार, की झाले कोयते. आता गंमत बघा: भर उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, एफ २.८ चं भिंग असलेला ॲक्शन कॅमेरा आपणहून १/३२०० च्या आसपासच जातो, कारण त्याचं ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, लहान करता येत नाही. तिथून १/५० वर यायचं तर प्रकाश ६४ पट तोडायला हवा. म्हणून एनडी ६४. एनडी ३२ वरही भागतं, १/१०० मिळतं. एनडी ८ आणून ‘आहे की फिल्टर’ म्हणू नका.

६४ आणि ३२, दोन्ही, आदल्या रात्री पिशवीत. सकाळी सहाला धावपट्टीशेजारी एनडी कोण विकतंय?

फिरवून कमीजास्त होणारा व्हेरिएबल एनडी मात्र नको. आत दोन पोलरायझर असतात त्याच्या, आणि विमानाच्या ॲक्रिलिकच्या खिडकीतून पोलरायझर लावून पाहिलं की काचेत इंद्रधनुषी पट्टे उमटतात. याच कारणासाठी साधा पोलरायझरही घरी ठेवा. ठरावीक आकड्याचाच एनडी घ्या.

कोणी सांगेल, ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खं चित्र एका दमात टिपणारा कॅमेरा घे, कटकट मिटली. सोनीचा ए९ थ्री २०२३ च्या शेवटी जाहीर झाला, त्यात ते आहे. किंमत पाहून घ्या आधी. शिवाय त्याने पात्याचा वाक जातो, पण पातं गोठलेलं दिसायचं ते दिसतंच. शटर हळू करायला त्यालाही एनडी लागतो. फोनचं म्हणाल तर, मोटरसायकलच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. विमानाचं इंजिन काही गोडीगुलाबीने चालत नाही. फोन खिशात राहू द्या.

माझ्या मते एक ॲक्शन कॅमेरा पुढे आणि एक मिररलेस हातात, एवढं पुरे. चार कॅमेरे लावणाऱ्यांचं निम्मं लक्ष लाल दिवे मोजण्यात जातं.

परवानगी. हिला फाटा देऊ नका. विमान नियम १९३७ मधल्या १३ व्या नियमाप्रमाणे उडत्या विमानातून चित्रीकरण करायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, लेखी परवानगी लागते. प्रवासी विमानात खिडकीतून फोटो काढताना कोणी हटकत नाही, म्हणून इथेही चालेल असं धरून चालू नका. लोहगाव हवाई दलाचं आहे, दाबोळी नौदलाचं. तिकडे कॅमेरा फिरवण्याआधी तर दहादा विचार करा. कागद हातात नसेल तर बाकीची यादी वाचून उपयोग नाही. फ्लाइंग स्कूलचे मुख्य प्रशिक्षक आणि मेंटेनन्स इंजिनिअर या दोघांनाही आधी सांगा. पंखावर, स्ट्रटवर (पंखाला आधार देणाऱ्या दांड्यावर), चाकापाशी बाहेरून काही चिकटवायचं असेल तर इंजिनिअरने लेखी हो म्हटल्याशिवाय हातही लावू नका. त्यांनी नाही म्हटलं तर नाही.

आत लावायचं तेही नीट. सक्शन कप काचेवर, काच पुसून, आणि वर दोरी. दोरी हवीच. सुटलेला कॅमेरा वैमानिकाच्या पायातल्या रडर पेडलखाली गेला तर व्हिडिओ राहतो बाजूला. कंपासपासून लांब लावा. चालू-बंद करून सुई हलते का ते पाहा. विमान तुम्हीच उडवत असाल तर इंजिन सुरू करण्याआधी रेकॉर्डिंग चालू करायचं आणि इंजिन बंद झाल्यावर थांबवायचं. मधे हात लावायचा नाही.

कपडे गडद घाला. फ्लाइंग स्कूलमध्ये पांढरा शर्ट असतो, तो खिडकीत लख्ख उमटतो आणि उसाच्या हिरव्या फडावर भुतासारखा तरंगत राहतो. शेजारी बसणाऱ्यालाही सांगा. ग्लेअरशील्डवर, म्हणजे पुढच्या काचेखालच्या काळ्या फळीवर, पांढरा कागद नको. १७२ एसच्या पुस्तिकेप्रमाणे खिडकी १६३ नॉटपर्यंत उघडता येते. वैमानिकाला विचारून उघडा, भिंगाचं हूड काढून ठेवा, पट्टा गळ्यात, आणि भिंग खिडकीच्या रेषेबाहेर काढू नका. कोपर दाराला टेकवू नका, सगळी थरथर कॅमेऱ्यात जाते. खिडकीतून बाजूला शूट करताना प्रोपेलर फ्रेममध्ये नसतो, तिथे शटर खुशाल वेगवान ठेवा. एनडी पुढच्या कॅमेऱ्याला. लावला का?

पुढच्या कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बंद. हे लोकांना पटत नाही. कॅमेऱ्यातला जायरो (हालचाल ओळखणारा सेन्सर) विमानाचं वळणं हा हाताचा धक्का समजतो आणि तो रद्द करायला जातो; मग क्षितिज शांत आणि अख्खं कॉकपिट पोहतंय. व्हाइट बॅलन्स ५५०० वर बांधून टाका. शटर १/५०, फ्रेम २५, आयएसओ १०० ते ४०० च्या आत.

आवाज. कॅमेऱ्याच्या माइकवर फक्त इंजिन येतं. हेडसेटच्या प्लगमधून कॅमेऱ्यात जाणारी केबल मिळते, ती घ्या. नाहीतर हेडसेटच्या कानाच्या गादीखाली छोटा कॉलर माइक सरकवा आणि रेकॉर्डर खिशात. इंजिन सुरू होण्याआधी एक टाळी वाजवा, जुळवणीला सोपं जातं. रेडिओवरचं बोलणं व्हिडिओत ठेवायचं की नाही, ते स्कूलला विचारा.

कार्ड: १२० मेगाबिटने तासाला ५४ जीबी. ६४ जीबीचं कार्ड तासाभराच्या उड्डाणाला कसंबसं पुरतं, १२८ घ्या, व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) असलेलं. कॅमेरे उन्हात उभ्या विमानात सोडून चहाला जाऊ नका, तापून बंद पडतात. वेळ सकाळची, महिना शक्यतो पावसाळा सरतानाचा. एप्रिल-मेमध्ये दहा-अकरानंतर हवा असे हेलकावे देते की कॅमेऱ्याआधी पोट तक्रार करतं.

व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवरून लोक तासन्‌तास वाद घालतात. डाविंची रिझॉल्व्हचं फुकट रूप ४के, ६० फ्रेमपर्यंत काढून देतं, बहुतेकांना तेवढं पुरतं. लिनक्सवर मात्र त्यात एच.२६४ च्या (बऱ्याच कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या प्रकारच्या) फाइली उघडत नाहीत, आधी बदलून घ्याव्या लागतात. ती कटकट नको असेल तर केडेनलाइव्ह हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर. रिझॉल्व्हचं विकतचं रूप, स्टुडिओ, २९५ डॉलरचं, एकदाच भरायचे. संध्याकाळच्या शॉटमधला दाणेदारपणा काढायचा असेल तरच. संगणक जुना असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फाइलींच्या हलक्या प्रती, बनवा. बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र नंतर स्थिर करायला जायरोफ्लो उत्तम, फुकट आहे. आणि कोयते? कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. रोलिंग शटर सुधारणारी प्लगइनं पाहिली, थरथर कमी करतात, पात्यांना हात लावत नाहीत. एका मिनिटाच्या १५०० फ्रेम हाताने पुसणार आहात का? मग एनडी.

कोपऱ्यात वेग-उंची दाखवायची असेल तर कॅमेऱ्यात जीपीएस आहे का पाहा. गोप्रोच्या बाराव्या हिरोत नाही, तेराव्यात आहे. तो जमिनीवरचा वेग असतो, हवेतला नव्हे. तसं लिहा, नाहीतर कॉमेंटमध्ये वैमानिक सोडणार नाहीत.

धुरकं असेल तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. संगीत कमी. एक्सपोर्ट २५ फ्रेममध्येच. कार्ड दोन ठिकाणी उतरवून, दोन्हीकडे फाइल उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नका.