स्टीअरिंगला गाठींची दोरी कशी गुंडाळायची

आधी सांगतो, दोरी फक्त गोल रिमवरच गुंडाळायची, मधल्या एअरबॅगच्या कव्हरवर आणि हॉर्नवर अजिबात नाही. रिम साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा, हाताचं तेल राहिलं तर दोरी सरकते.

दोरी ३ मिमीची सुती घ्या. नायलॉन दिसतं भारी, पण घामाच्या हाताला निसटतं. साधारण कारला ५० मीटर तरी लागते कारण प्रत्येक वेढा जवळजवळ १० सेंमी खातो, आणि अख्खी लांबी प्रत्येक गाठीतून ओढत बसाल तर वैतागून जाल, म्हणून ५-६ मीटरचे तुकडे करा.

स्पोकच्या (रिमला मधल्या भागाशी जोडणाऱ्या दांडीच्या) बाजूला सुरू करा. दोरीचं एक टोक रिमवर, रिमच्याच दिशेने लांब ठेवा, पहिले ७-८ वेढे त्याच्यावरूनच घ्या म्हणजे ते दाबलं जातं. प्रत्येक वेढा मागून फिरवून पुढं आणायचा, फासा तयार होतो त्यातून दोरीचं दुसरं, मोकळं टोक काढायचं आणि कचकन ओढायचं. बस, हीच गाठ परत परत. गाठी आपोआप तिरक्या सरकत जातात आणि वेणीसारखा पीळ पडतो, मला तोच सगळ्यात देखणा वाटतो. सरळ रेघ हवी तर दर काही वेढ्यांनी गाठींची ओळ अंगठ्याने मागं ढकला. ओढ मात्र सगळीकडे सारखी ठेवा.

तुकडा संपला की टोक मागच्या बाजूला वेढ्यांखाली सुईने खुपसा, नवीन तुकडा तिथूनच.

झाल्यावर गाडी उभी असतानाच स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, इंडिकेटरच्या दांडीला काही अडतंय का, आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. दोरी रिमवर जरा जरी फिरली तर तेवढा भाग सोडून परत घट्ट करा, तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.